पद्मिनीच्या सुट्ट्या पार्टचा व्यवहार: 85 हजार सांगितले, 25 हजार मागितले, 41 ला सुटला

गेल्या दिवाळीनंतर एका व्यवहारात मला मध्ये पडायला लागलं आणि तेव्हापासून चार-पाच जणांनी विचारलंय की भाव नक्की काढला कसा, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून काढतोय. व्यवहार प्रीमियर पद्मिनीच्या जुन्या पार्टचा. विकणारे डोंबिवलीचे काका, वय 74, रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालेले. घेणारा सांगलीचा पोरगा, वय 27, आजोबांची 1978 ची पद्मिनी परत रस्त्यावर आणायचा ध्यास घेतलेला. दोघंही माझ्या ओळखीतले, दोघांचाही माझ्यावर विश्वास, आणि मी मध्ये पडलो तेव्हा दोघंही एकमेकांवर जाम चिडलेले. काका म्हणत होते पोरगा भंगारवाल्यासारखा भाव करतोय, पोरगा म्हणत होता काका लुटायला बसलेत. दोन्ही माणसं मुळात सरळ, त्यामुळे हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं.

आधी माल काय होता ते सांगतो. एक पूर्ण इंजिन, कार्बोरेटर आणि डायनामो सोडून. एक गिअरबॉक्स. दोन सोलेक्स कार्बोरेटर, त्यातला एक काकांनी स्वतः बुश टाकून नीट केलेला, दुसरा नुसता सुट्ट्या भागांपुरता. दोन दरवाजे, पुढचा डावा आणि मागचा उजवा. पुढचं ग्रिल, हेडलाइटच्या दोन रिंगा, दरवाजाची चार हँडलं. डॅशबोर्डचं एक मीटर. मागच्या दिव्यांच्या लाल काचांच्या दोन जोड्या, डब्यातल्या, कधी न लावलेल्या. डायनामो, सेल्फ (स्टार्टर), आणि एक पत्र्याचा मोठा डबा ज्यात वॉटर पंप, क्लच प्लेट, हेड गास्केट, ब्रेकचे व्हील सिलिंडर, रबर किट असं बरंच काय काय. हे सगळं काकांनी 15 वर्षं बिल्डिंगच्या जिन्याखालच्या खोलीत ठेवलेलं, आणि आता बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार म्हणून खोली रिकामी करायची होती.

काकांचा आकडा 85 हजार, सगळा लॉट. पोराचा आकडा 25 हजार, सगळा लॉट. मधे 60 हजारांची दरी.

मी दोघांना पहिला प्रश्न एकच विचारला, हा आकडा आला कुठून. काकांचा आकडा पुतण्याने काढून दिला होता, ऑनलाइन जाहिराती बघून. एका जाहिरातीत ग्रिल 25 हजारांना होतं म्हणून त्याने ग्रिलचे 20 धरले, इंजिन कुणीतरी 40 ला लावलेलं म्हणून 30 धरलं, अशी बेरीज करत गेला. मी ती ग्रिलची जाहिरात उघडून बघितली तर ते ग्रिल पद्मिनीचं नव्हतंच, फियाट सुपर सिलेक्टचं होतं, म्हणजे पद्मिनी ज्या फियाट 1100 वरून आली तिच्याच आधीच्या पिढीचं, ज्या गाड्यांचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे. त्या गाड्या फार थोड्या राहिल्यात, त्यांचा हिशोबच वेगळा. आणि दुसरं म्हणजे ती इंजिनची जाहिरात आठ महिन्यांपूर्वीची होती आणि अजून तशीच होती, म्हणजे त्या भावाला कुणी घेतलं नाही एवढंच ती सांगत होती. सांगितलेली किंमत आणि सुटलेली किंमत यात आपल्याकडे फार गल्लत होते. सांगायला काय, कुणीही काहीही सांगतो. मला भाव काढायचा असला की गेल्या वर्ष-दीड वर्षात खरंच ज्यांनी विकलंय किंवा घेतलंय अशा तीन माणसांना फोन लावतो आणि किती मोजले ते विचारतो, माणसं सांगतात, फक्त विचारायला पाहिजे.

पोराचा आकडा तर अजून वाईट पद्धतीने आलेला. सांगलीतल्या भंगारवाल्याने त्याला सांगितलं की असलं सगळं लोखंड मी सहा हजारात उचलीन, मग याने त्याच्या चौपट म्हणून 25 ठरवले आणि वर त्याला वाटत होतं की आपण उदार झालोय. शिवाय काकांनी त्याला कौतुकाने जुनी बिलं दाखवली होती, 1987 चं एक बिल, त्यात लाल काचेच्या जोडीचे 38 रुपये. तर हा म्हणे, 'दादा, 38 ला घेतलेली वस्तू मला दोन हजारांना देतायत.' मी त्याला म्हणलं, अरे 1987 ला काकांचा पगार किती होता विचार, आणि तेव्हा ही काच कुठल्याही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायची, आज कुठे मिळते ते मला दाखव. तेव्हा काय मोजले होते याला आज काही अर्थ नाही, ना विकणाऱ्याच्या बाजूने ना घेणाऱ्याच्या. बिलाचा उपयोग एवढाच की वस्तू ओरिजिनल आहे आणि रीतसर घेतलेली आहे हे कळतं.

इथे थोडं मागचं सांगायला पाहिजे, नाहीतर भाव वर का गेलेत ते कळणार नाही. पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, मूळ फियाट 1100, पुढे 70 च्या दशकात तिचं नाव आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झालं, आणि 2000 च्या आसपास ती बनायची बंद झाली. पण बंद झाल्यावरही वीसेक वर्षं पार्टची अडचण कुणाला जाणवली नाही, कारण मुंबईत काळी-पिवळी चालू होती. टॅक्सीवाल्याला गाडी दुसऱ्या दिवशी रस्त्यावर लागते, त्यामुळे दुकानदार माल ठेवायचा, मिस्त्री हाताशी असायचा, आणि टॅक्सी वयात बसली नाही की ती मोडीत निघून तिचे पार्ट बाजारात फिरायचे. 2023 च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली आणि हे चक्र थांबलं. आता जे आहे ते काकांसारख्यांच्या जिन्याखाली आहे. म्हणून कालचा भाव आज सांगून चालत नाही, आणि पोराने जे आठ वर्षांपूर्वी कुणाकडून तरी ऐकलेलं की पद्मिनीचं इंजिन पाच हजारात येतं, ते तेव्हा खरंही असेल.

मग एका रविवारी आम्ही तिघं डोंबिवलीला बसलो. काकूंनी पोहे केले, काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडून उलटं केलं आणि मी त्याच्यावर तीन रकाने आखले. पहिल्या रकान्यात हा पार्ट आज दुसरीकडून मिळवायचा तर किती पडेल, नवा, लोकल, किंवा आपला जुनाच दुरुस्त करून, जे स्वस्त पडेल ते. दुसऱ्या रकान्यात हा पार्ट चालतो याची खात्री आज आपल्याला किती आहे. तिसरा रकाना मोकळा, ठरेल तो आकडा. भंगाराचा भाव मी कागदावर येऊच दिला नाही. तो तळ आहे, त्याच्या खाली कुणी जाणार नाही एवढंच, आणि तिथून वर मोजत यायला लागलं की चांगल्या वस्तूचा अपमान होतो.

सगळ्यात जास्त वेळ इंजिनात गेला आणि तो जायलाच पाहिजे होता. पोराच्या स्वतःच्या इंजिनचा ब्लॉक तडकलेला, म्हणजे त्याला ही वस्तू हवीच होती, आणि काकांना ते कळलं होतं. इथे मी काकांना सरळ सांगितलं की त्याची गरज हा भाव वाढवायचा मुद्दा धरायचा नाही. दुकानदाराने धरला तर तो त्याचा धंदा आहे, पण आपण एकमेकांना ओळखतो, उद्या तुमच्या गाडीला काही लागलं तर हाच पोरगा धावत येणार आहे. काका मान्य झाले, अगदी लगेच.

हे इंजिन वयोमर्यादा भरलेल्या एका टॅक्सीचं. काकांनी ती अख्खी टॅक्सी आपल्या गाडीच्या पार्टसाठी घेतलेली आणि तिची नोंदणी रीतसर रद्द केलेली, आरटीओचा तो कागद त्यांच्याकडे फाइलमध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत. मी ब्लॉकवरचा नंबर वायर ब्रशने साफ करून कागदाशी जुळवला, जुळला. या कागदाला मी पैशात किंमत धरली आणि पोराला का ते समजावलं. इंजिन बदललं की आरटीओत जाऊन आरसीवर नवा नंबर चढवून घ्यावा लागतो, आणि तेव्हा इंजिन कुठून आलं याचा पुरावा लागतो. बिनकागदाचं इंजिन कितीही गोड चालू दे, ते फक्त आतले भाग काढून घेण्याच्या लायकीचं. शिवाय चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा गुन्हा आहे, पूर्वी आयपीसीचं कलम 411 होतं, आता न्याय संहितेत 317. मेरठचं सोतीगंज, जिथे गाड्या फाडून पार्ट विकायचा एवढा मोठा बाजार होता, तो 2021 ला पोलिसांनी बंद पाडला तो याच भानगडीतून. तेव्हा दोस्तीत सुद्धा कागद मागायला लाजायचं नाही, आणि समोरच्याने मागितला तर राग धरायचा नाही.

मग तपासणी. इंजिन खाली फळीवर होतं, गिअरबॉक्स लावलेला. काकांनी सेल्फ बसवला, शेजाऱ्याच्या गाडीची बॅटरी आणली, मी पुण्याहून कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडर आत किती दाब धरतो ते मोजायचं यंत्र, घेऊन गेलो होतो. चारही प्लग काढून एकेका भोकात गेज दाबून धरला आणि काकांनी सेल्फ फिरवला. पहिला 100, दुसरा 105, तिसरा 95, चौथा 100. थंड इंजिनला, इतकी वर्षं पडून असलेल्या, हे आकडे चांगले, आणि आकड्यापेक्षा मला चारही सिलिंडर जवळजवळ सारखे आहेत हे जास्त महत्त्वाचं वाटलं. एखादा 60 दाखवतो तिथे पोटात दुखणं असतं. इथेच कळलं की काका दर महिन्याला प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनचा मुख्य दांडा) हाताने फिरवत होते, 15 वर्षं. हे त्यांनी सांगितलंच नव्हतं, त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नाही.

या निमित्ताने एक मुद्दा निघाला. काकांचं म्हणणं होतं की 15 वर्षं जागा अडवून सांभाळलं त्याचे काहीतरी धरा. मी म्हणलं जागेचे नाही धरता येणार, कारण ठेवायचं तुम्ही ठरवलं, घेणाऱ्याने सांगितलं नव्हतं. पण ऑइल सोडून फिरवलेल्या क्रँकचे नक्की धरायचे, कारण ती मेहनत वस्तूत उतरली आहे, गेजवर दिसते आहे. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. सांभाळण्याचा जो भाग घेणाऱ्याच्या हातात पडतो त्याचे पैसे मागावेत, जो फक्त आपल्याला आठवतो त्याचे मागू नयेत.

इंजिनचे काका 30 म्हणत होते, पोरगा आठ. मी ज्या तिघांना विचारलं होतं त्यांचे सुटलेले भाव 9, 12 आणि 18 हजार, पहिलं बिनकागदाचं, शेवटचं चालू गाडीतून काढलेलं आणि चालवून दाखवलेलं. आपलं त्या दोनच्या मधलं, कागद आहे, कॉम्प्रेशन आहे, पण चालवून बघितलेलं नाही आणि आत क्रँक किती वेळा ग्राइंड झालाय, म्हणजे घासून बारीक केलाय, ते उघडल्याशिवाय कळणार नाही. म्हणून 14 हजार लिहिले, आणि त्यातले 5 हजार पोराने आत्ता द्यायचे नाहीत असं ठरवलं. सांगलीत इंजिन उघडल्यावर क्रँक आणखी एकदा तरी ग्राइंड होण्याएवढा निघाला तर ते 5 हजार द्यायचे, शेवटच्या साइजला पोचलेला, म्हणजे आणखी घासता येणार नाही असा निघाला तर सोडून द्यायचे. लेथवाल्याने मायक्रोमीटरने मोजलेला आकडा दोघांनी मान्य करायचा. हे त्याच पानावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. मला विचाराल तर अख्ख्या व्यवहारात सगळ्यात कामाची गोष्ट ही होती. 60 हजारांची दरी होती ती पोराच्या भीतीची आणि काकांच्या आशेची होती, बंद इंजिनकडे बघून एक जण वाईटात वाईट धरत होता आणि दुसरा चांगल्यात चांगलं. जे बघता येतं ते बघून घेतलं आणि जे बघता येत नाही त्याचे पैसे बाजूला ठेवले की भांडायला फार काही उरत नाही.

कार्बोरेटरचं पटकन झालं. काकांनी केलेला मी हातात घेतला आणि थ्रॉटलचा शाफ्ट दोन बोटात धरून वर-खाली हलवला, जरासुद्धा खेळ नाही. दुसऱ्याचा शाफ्ट नुसता कडकड वाजत होता. तिथून हवा खेचली जाते आणि मग उभ्या गाडीचं स्लो कितीही लावा, लागत नाही. पोराला दोन्ही एकामागोमाग हलवायला दिले, त्याला सांगायला काही लागलंच नाही. पहिल्याचे 3,500, दुसऱ्याचे 1,000. गिअरबॉक्स 6 हजार, डायनामो आणि सेल्फ मिळून अडीच, मीटर 3 हजार, यात कुणी हूं का चूं केलं नाही.

ग्रिल, रिंगा, हँडलं यांच्यावर मात्र पुन्हा गाडी अडकली. आजकाल ही चकचकीत वस्तू गाडीवाल्यांपेक्षा हॉटेलवाले जास्त उचलतात, भिंतीवर लावायला, आणि ते भाव विचारत नाहीत. काकांना एका माणसाने नुसत्या ग्रिलचे 9 हजार देतो म्हणून सांगितलेलं. हा भाव खोटा नव्हता, गिऱ्हाईक खरं होतं. मग न्याय्य भाव कुठला? मी काकांना म्हणलं की हे तुम्हीच ठरवायचं, 9 घ्यायचे असतील तर ग्रिल या लॉटमधून काढा, त्यात तुमचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, आणि पोराने पण तोंड वाकडं करायचं नाही. पण भिंतीवरच्या गिऱ्हाइकाचा भाव गाडीवर लावणाऱ्याला सांगून मग वर 'तुझ्यासाठी कमी केले' असं म्हणायचं हे बरोबर नाही. काका जरा वेळ ग्रिलकडे बघत बसले, मग म्हणाले, 'गाडीवरच जाऊ दे रे.' ग्रिलचे 4 हजार धरले, तो त्यांचा निर्णय, आणि पोराला मी बाहेर नेऊन सांगितलं की हे 5 हजार काकांनी तुला दिलेत, भाव पडलाय असं समजू नकोस. हँडलं तपासताना नखाने खरवडून बघितलं, दोन हँडलांच्या प्लेटिंगखाली फोड आलेले. ही हँडलं मझाकची (जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची) असतात, खालून फुगली की परत प्लेटिंग नीट धरत नाही, आधी भरावं लागतं आणि त्याचा खर्च हँडलापेक्षा जास्त. त्यामुळे चांगल्या दोन हँडलांचे धरले, फुगलेली दोन तशीच दिली. ग्रिल, रिंगा, हँडलं सगळे मिळून साडेसहा.

दरवाजे. पुढच्या डाव्याला खालच्या बाजूला गंज नाही, आतून हात फिरवून बघितला, पाणी जायची भोकं मोकळी, 3 हजार. मागच्या उजव्याचा खालचा पत्रा चाळणी झालेला, टिनकाम करून निघेल, 1,500. पोराला हा दरवाजा नकोच होता खरं तर.

पत्र्याच्या डब्याचे काकांनी मनात 8 हजार धरलेले, कारण सगळं नवं, डब्यात, पाकिटात. इथे मला त्यांना नाराज करायला लागलं. नवी काच 30 वर्षांनी पण नवीच असते, नवं रबर नसतं. व्हील सिलिंडरचे रबरी कप काढून बोटात दाबले तर कडक झालेले, दुमडल्यावर बारीक भेगा दिसल्या. ब्रेकमध्ये असलं रबर मी कुणाला घालू देणार नाही, फुकट दिलं तरी. वॉटर पंपाचं बॉडी चांगलं पण सील वाळलेलं. म्हणजे धातू तेवढा कामाचा, 2 हजार. काकांनी स्वतः कप दाबून बघितला आणि मान हलवली, शेवटी हाडाचे फिटर.

लाल काचांच्या जोडीचे 2 हजार, आणि पोराने एकच जोडी घेतली. दुसरी मीच म्हणलं घेऊ नकोस, दुसऱ्या कुणाची तरी गाडी अडली असेल.

बेरीज 45 हजार झाली. आता लॉट एकदम उचलायचा, त्यात नको असलेला दरवाजा आणि न लागणारा गिअरबॉक्स पण न्यायचा, काकांची खोली एका दिवसात रिकामी करून द्यायची, याचे 4 हजार कमी. 41 हजार. त्यातले 36 आत्ता, 5 क्रँक मोजल्यावर. वाहतूक पोराची. त्याला डोंबिवलीहून सांगलीला टेम्पोचे साडेसात हजार सांगितलेले, पण भाजी घेऊन वाशी मार्केटला येणारे टेम्पो परत रिकामे जातात, गावातल्या ओळखीने एक पकडला आणि साडेचारमध्ये काम झालं. हा खर्च आधीच कागदावर मांडायला हवा असं माझं ठाम मत आहे, कारण पोराच्या 25 हजारात हा खर्च मनातल्या मनात धरलेला होता आणि काकांना त्याची कल्पनाच नव्हती.

अजून एक गोष्ट त्या दिवशी बोलली गेली जी पैशात नाही. पोरगा सुरुवातीपासून म्हणत होता की मी गाडी जपणार आहे, विकणार नाही, म्हणून मला कमी लावा. मला हे पटत नाही. तुझं प्रेम तुझ्या गाडीवर, त्याची सूट काकांनी का द्यायची? पण काकांना स्वतःलाच हे पार्ट कुठे जातात याची काळजी होती, त्यामुळे आम्ही एवढं लिहिलं की यातलं काही नको झालं तर आधी काकांना विचारायचं, आणि त्यांना नको असेल तर ज्या भावाला घेतलं त्याच भावाला पुढच्या गाडीवाल्याला द्यायचं. पोराने आनंदाने सही केली.

तीन आठवड्यांनी इंजिन उघडलं. क्रँक चांगला, एकदाच ग्राइंड झालेला, अजून वाव भरपूर. संध्याकाळी पोराने काकांना 5 हजार पाठवले. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मोजला तर 68 मि.मी., म्हणजे कंपनीचा स्टँडर्ड, ब्लॉक आयुष्यात कधी कापलेलाच नाही. टॅक्सीच्या इंजिनात असं सापडणं म्हणजे नशीब. पण हेड काढल्यावर दुसरी बाजू दिसली, एक्झॉस्ट व्हॉल्वच्या सीट, म्हणजे व्हॉल्व जिथे टेकून बंद होतो त्या कडा, खोल गेलेल्या. टॅक्सी शेवटची काही वर्षं सीएनजीवर चाललेली. 2000 च्या आसपास हायकोर्टाचे आदेश आल्यावर मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या, आणि गॅसवर जुन्या इंजिनांच्या सीट अशा झिजतात. कॉम्प्रेशनमध्ये ते दिसलं नाही कारण टॅपेट, म्हणजे व्हॉल्व दाबणाऱ्या भागातली फट, नीट लावलेले होते. सीट खोल जाते तसा व्हॉल्वचा दांडा वर येतो, मग टॅपेटचा स्क्रू मागे घेत जावा लागतो, आणि इथे ते स्क्रू जवळजवळ शेवटपर्यंत मागे घेतलेले. टॅपेट कव्हर डोंबिवलीत काढलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. काकांनी टॅक्सी म्हणून सांगितलं होतं, काही लपवलं नव्हतं. बघायला हवं होतं मी, आणि मी बघितलं नाही.

नवीन सीट बसवायचे लेथवाल्याने 3,800 सांगितले. पोराचा फोन आला, 'दादा, काकांना हे अर्धे तरी सांगा ना.' मी रात्रभर विचार केला आणि त्याला नाही म्हणलं. आपण लिहिलं होतं ते क्रँकचं, हेडचं लिहिलं नव्हतं. आणि सीटचे पैसे परत मागायचे तर बोअर स्टँडर्ड निघाला त्याचे वाढवून द्यायला पाहिजेत, त्याचं काय? बंद इंजिनातून चांगलं निघालं ते तुझं, वाईट निघालं ते पण तुझं, म्हणून तर 18 चं इंजिन 14 ला मिळालं. त्याला लगेच पटलं नाही, दोन दिवस गेले, मग त्याने स्वतःच सीट बसवून घेतल्या. काकांच्या कानावर हे आम्ही घातलंच नाही. तेव्हापासून मी ज्या कुठल्या इंजिनच्या व्यवहाराला जातो तिथे कॉम्प्रेशनच्या आधी टॅपेट कव्हर उघडतो, आणि गाडी गॅसवर होती का हे विचारतो.

पोराची घाई का चाललीय तेही सांगतो. 2028 ला त्याची गाडी 50 वर्षांची होते, आणि 2021 च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे 50 वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांची विंटेज म्हणून नोंदणी होते, नंबरप्लेटवर व्हीए अक्षरं येतात. त्यासाठी त्याला ग्रिल, मीटर, डायनामो सगळं त्या काळचंच हवंय, म्हणून डायनामो काढून नंतरच्या काळातला अल्टरनेटर टाकायचा मिस्त्रीचा सल्ला त्याने ऐकला नाही. मला ते फार आवडलं.

गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या एकाच्या पद्मिनीला मागून ट्रॅक्टर लागला, मागचा उजवा दरवाजा गेला. पोराने आधी काकांना फोन केला, काका म्हणाले देऊन टाक. समोरचा माणूस चार हजार द्यायला तयार होता. पोराने कॅलेंडरच्या त्या पानाचा फोटो त्याला पाठवला, मागच्या उजव्या दरवाजाच्या ओळीवर बोट ठेवून काढलेला, आणि 1,500 घेतले.